चार इंच जास्त

माझ्या गॅरेजची आतली लांबी वीस फूट आठ इंच आहे. एप्रिलमधल्या त्या शनिवारी या आकड्यावर माझ्या वडिलांचा पुढचा मुक्काम ठरणार होता, आणि अट त्यांनीच घातली होती. बोट आत मावली आणि दार पूर्ण खाली आले, तर ते हंट्सविलला माझ्याकडे राहायला येतील. नाही मावली, तर तळ्याकाठच्या आपल्या घरी परत, एकटे. आमच्या वसाहतीत बोट अंगणात ठेवायला मनाई आहे. आणि भाड्याच्या आवारात, परक्या बोटींच्या रांगेत तिला सोडायला डॅडी तयार नव्हते. फेब्रुवारीत तळ्याच्या धक्क्यावर घसरून ते चार तास थंडीत पडून होते. होडीतून चाललेल्या कुणा मासेमाराने त्यांना पाहिले. तेव्हापासून फोन वाजला की आधी माझे हात गार पडतात.

बोट लाल, चमकीच्या रंगाची. एकोणीसशे शहाऐंशीत घेतली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. उन्हात ती आजही अशी लखलखते, जणू कुणी लाल काच कुटून तिच्या अंगावर शिंपडली आहे. तिच्यावरच्या पहाटा मला चेहऱ्यांआधी वासांनी आठवतात: ओल्या दोराचा वास, मोटरच्या तेलाचा, डब्यातल्या सॉसेजचा. डॅडी पुढे उभे, पाय लहान मोटरच्या पेडलवर, नजर पाण्यात पडलेल्या झाडांवर. कारण बास मासा तिथेच, सावलीत दबा धरून असतो. मधल्या खुर्चीवर आई. तिने आयुष्यात एकदाही गळ टाकला नाही. ती शब्दकोडे सोडवायची आणि धुक्याला उद्देशून विचारायची, "सहा अक्षरी नदी, शेवटचं अक्षर आय?" धुके उत्तर देत नसे, डॅडीही नाही. त्या शांततेत मी लहानाची मोठी झाले.

पंधरा इंचांखालचा मासा परत सोडावा लागे. डॅडी तो पट्टीवर ठेवत आणि शेपटीची दोन टोके चिमटीत जुळवत, म्हणजे मासा थोडा लांबे. मी डोळे वटारले की म्हणत, "मी माशाबद्दल खोटं बोलत नाही, पोरी. त्याला जरा मदत करतो."

त्या शनिवारी बोटीचा ट्रेलर ट्रकने मागे घ्यायला सुरुवात होताच शेजारचा गेलन प्रुइट कॉफीचा मग घेऊन आला. बोटींच्या मनाईचे पत्र ज्या समितीने काढले, तिचा तो सभासद. पण आमच्याकडे कुणी ट्रेलर मागे घेऊ लागले की कोणत्याही पुरुषाला घरात बसवत नाही.

"डावीकडे घ्या, मिस्टर व्हर्लन. नाही, तुमचं डावं."

"गेलन, तुझ्या लग्नाआधीपासून मी ही बोट मागे घेतोय," डॅडी ट्रकच्या खिडकीतून म्हणाले.

"कुठल्या लग्नाआधी?"

"तिन्ही."

मोटर मागच्या भिंतीला टेकली तेव्हा ट्रेलरचा पुढचा दांडा दारापलीकडे चांगला हातभर बाहेर होता. गेलनने कॉफीचा मग अंगणाच्या बुटक्या भिंतीवर ठेवला. "मोटर उचललेली आहे, म्हणून. खाली सोडा आणि एका अंगाला पूर्ण वळवा. बरंच वाचेल."

बोट पुन्हा बाहेर आली. मोटर खाली उतरली, मान वळवून रुसल्यासारखी उभी राहिली. गेलन कॉफी पुन्हा भरून आणायला घरी गेला आणि आम्ही दोघे टेप घेऊन राहिलो. डॅडी मोटरपाशी, मी दांड्यापाशी.

"किती?" त्यांनी विचारले.

"एकवीस फूट तीन."

"सात इंच जास्त. नाही मावत." ते इतक्या लगेच म्हणाले, की मी मान खाली घातली, आणि म्हणूनच मला काँक्रीटवरच्या सावल्या दिसल्या. मोटरची सावली जिथे संपत होती, त्याच्या पुढे टेपची सावली चांगली तीन बोटे गेली होती. आयुष्यभर माशांना मदत करणारा माणूस आता बोटीला मदत करत होता.

मी टेप सोडला नाही. "डॅडी, टोक मोटरला टेकवा."

"टेकलंय."

"सावली बघा."

त्यांनी पाहिले. कुणाच्या तरी अंगणात गवत कापायचे यंत्र सुरू झाले, बंद झाले.

"तळ्याकाठी असलो की सकाळी कुठेतरी निघायचं असतं," ते शेवटी म्हणाले. "गॅरेजमध्ये माणूस वस्तू आणून ठेवतो, रिंडा. इथे आलो की मग पुढे कुठे जायचं उरत नाही."

"मग मला नाही म्हणा. टेपच्या तोंडून कशाला म्हणवताय?"

"तुझ्या तोंडावर नाही म्हणता येत नाही. तू माझ्यासाठी एक खोली निळी रंगवलीस."

मी त्यांना सांगायचे ठरवले नव्हते, पण सांगितले. की त्या चार तासांत मी इथे भांडी घासत होते. गाणे गुणगुणत होते. की तेव्हापासून मला घरात गुणगुणता येत नाही. "तुम्हाला परत जायचं असेल तर जा. मी ट्रकपर्यंत सोबत येईन. पण माप खरं घ्या."

त्यांनी टोक सरकवून मोटरला टेकवले. या वेळी सावल्या एकाच जागी संपल्या.

एकवीस फूट बरोबर.

चार इंच जास्त. खरे माप घेऊनही बोट मावत नव्हती. अट त्यांच्याच बाजूने सुटली होती आणि आता कुणाला खोटे बोलायची गरज नव्हती. मी टेप गुंडाळला. तो सरसरत आत गेला.

डॅडी मात्र ट्रककडे गेले नाहीत. गॅरेजमध्ये शिरून ते मागच्या भिंतीपाशी उभे राहिले आणि बोटांच्या गाठींनी ती ठोकू लागले. कलिंगड घेताना ठोकतात तशी, कान लावून.

"हिच्यामागे काय आहे?"

"तुमच्या खोलीतलं, भिंतीत बांधलेलं कपड्यांचं कपाट."

"खोल किती?"

"दोन फूट."

"माझ्याकडे चार शर्ट आहेत," ते म्हणाले. "आणि एक सूट, तो कुणी गेलं तरच निघतो."

एवढ्यात गेलन परतला होता. तो भिंतीकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. "मिस रिंडा, समितीचा माणूस म्हणून मी यातलं काही ऐकलेलं नाही. विजेची करवत मात्र माझ्याकडे आहे. आणि आत मोटरभोवती जाड पत्र्याची पेटी करून घ्या, टाकी रिकामी ठेवा, नाहीतर झोपेत पेट्रोल हुंगत बसाल."

"चाळीस वर्षं हुंगतोय," डॅडी म्हणाले. "करवत आण."

त्यांनी पेन्सिलीने भिंतीवर मोटरचे डोके जाईल एवढा चौकोन आखला. मी त्यांना करवत धरू देणार नव्हते. त्यांनी ती माझ्याकडून काढून घेतली. लाकडी भिंतीच्या आतला एक उभा वासा कापावा लागला, वर आडवी फळी ठोकावी लागली. दुपार सरता सरता चौकोन निखळून पलीकडे पडला, आणि धुरळ्याच्या पडद्याआड, उघड्या कपाटातून मला निळी भिंत दिसली, खिडकी दिसली, मी सकाळीच अंथरलेली चादर दिसली. तीन आठवडे जपलेली ती खोली पिठाने माखल्यासारखी झाली होती.

गेलनने या वेळी डावे-उजवे केले नाही. ट्रेलर इंचाइंचाने मागे सरकला, मोटरचे डोके भिंतीतून पलीकडे गेले आणि थांबले. ट्रक सुटा करून दांड्याचे चाक खाली सोडले. मी बटण दाबले. दार कुरकुरत उतरले, दांड्याला न शिवता जमिनीला टेकले.

आम्ही घरातून त्या खोलीत गेलो. उघड्या कपाटात, शर्टांच्या जागेच्या खाली, मोटर मान वळवून उभी होती. डॅडींनी तिच्यावरची धूळ तळव्याने पुसली, मग खोलीभर नजर फिरवली.

"झाडू कुठे असतो गं तुझ्याकडे?"

बसा, मी झाडते, हे माझ्या ओठांवर आले होते. "स्वयंपाकघरात," एवढेच म्हटले.

ते गेले. एक दार उघडल्याचा आवाज आला, मिटल्याचा आला. मग दुसरे, मग वरचे कपाट, मग खण. झाडू कोपऱ्यात, समोरच उभा होता. मी हाक मारली नाही. ते एकेक दार उघडून पाहत होते, घरात काय कुठे असते ते.