मोयनोकच्या अंगाखालचा नमदा

मी एक जुना नमदा, लोकरीचे जाड अंथरूण आहे. मित्रांनो, हल्ली उन्हात तारेवर लटकणेही मला जड जाते, पण एक गोष्ट तेवढी सांगून टाकतो.

किरगिझ डोंगरांत बायकांनी मेंढ्यांची लोकर गरम पाण्याने भिजवून, कोपरांनी रेटून रेटून मला घडवले. तरुणपणी मी तंबूत, दारासमोरच्या मानाच्या जागी असे. पाहुणे माझ्यावर बसून माझी नक्षी वाखाणत. पुढे नक्षी विटली, कडा उसवल्या. आमच्याकडे नमदा फेकून देत नाहीत. घरच्या सुनेने, बुरुलने, मला दाराबाहेर मोयनोकखाली टाकले. मोयनोक हा मेंढ्या राखणारा कुत्रा. कुत्र्याने तंबूचा उंबरा ओलांडायचा नाही, आणि त्याने तो कधी ओलांडला नाही.

एकदा तो कोल्ह्याच्या बिळात शिरला आणि खरूज घेऊन आला. डोळ्यांना न दिसणारे किडे त्याच्या कातडीत घरे करू लागले. केस झडले. तो दिवसभर माझ्यावर अंग घासत राही. त्याच सुमारास तंबू हलला. नव्या जागी जमीन ओली होती, म्हणून बुरुलने मला झटकले आणि आपल्या छोट्या लेकीच्या, चिनाराच्या, अंथरुणाखाली घातले. लवकरच चिनाराच्या पोटावर लाल पुरळ उठले.

"कुत्रा आत आला नाही, मग हे आत आलं कसं?" तोक्तोसुन आजोबा गरजले.

बुरुलने माझ्याकडे पाहिले. "माझ्याच हातानं आलं, मामंजी."

जनावरांची डॉक्टर बाक्तिगुल आली. तिने मोयनोकला औषध दिले, मला दूर तारेवर टाकायला सांगितले. पण पंधरवडा उलटला तरी मोयनोक खाजवतच होता. आजोबांनी बंदूक उतरवली.

"औषध वाया गेलं. नातीपेक्षा कुत्रा मोठा नाही."

चिनारा आडवी आली. "मग मलाही मारा! मीपण खाजवतेय!"

"बाजूला हो, बये!"

तेवढ्यात बाक्तिगुल तपासणीला पोचली. तिने मोयनोकची कातडी जरा खरवडून भिंगाखाली पाहिली.

"आजोबा, किडे मेलेत."

"मग हा काय हौसेनं खाजवतो?"

"लांडगा पळाल्यावर मोयनोक लगेच भुंकायचा थांबतो का?"

"कुठला! पहाटेपर्यंत कान किटवतो."

"अंगातही असेच राखणदार असतात. किडा चावतो त्यापेक्षा यांच्या गोंगाटानंच जास्त खाज सुटते. मेलेल्या किड्यांचा कचरा कातडीत आहे तोवर ते भुंकणार. चिनाराच्या अंगात तर कुत्र्याच्या किड्यांचा संसार वाढतच नाही. तिचं पुरळ आपोआप जाईल. आणि तुम्ही बंदूक राखणदारावरच रोखता?"

आजोबांनी नळी खाली केली. मग बंदूक जागेवर टांगून म्हणाले, "खाजव रे मेल्या, खाजव."

आता मोयनोकच्या पाठीवर लव उगवली आहे. तो माझ्या सावलीत झोपतो.

मित्रांनो, एकाचे अंथरूण दुसऱ्याखाली घालण्याआधी विचार करा. आणि बरे होणाऱ्याला थोडा वेळ द्या. बरे होणे बाहेरून आजारासारखेच दिसते. मी फार थकलो आहे. मला खाली उतरवाल तेव्हा तंबूत नेऊ नका. मोयनोकच्याच अंगाखाली घाला.