घासलेली किटली

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची किटली आहे. माझ्या बोलण्यात फोडणी जरा जास्त पडते, असं म्हणतात. तेवढी बाजूला काढा आणि बाकीचं खरं माना.

नॉर्वेतल्या हामार गावच्या एका तांबटाने मला घडवलं. ठोके देताना तो सतत गात असे, म्हणून माझ्या पोटातलं पाणी आजही सुरात उकळतं. आतून मला पांढरीशुभ्र कल्हई केली होती. रांदी आणि एइलिफ यांच्या लग्नात मी आहेर म्हणून आले. माझ्याबरोबर आलेल्या काचेच्या पेल्यांना कपाट मिळालं, मला डोंगर मिळाला.

दर ऑगस्टमध्ये ती दोघं योतुनहाइमेनच्या डोंगरात जात. गाडी घाटमाथ्यावर ठेवायची, दगडांवर रंगवलेल्या लाल खुणा धरून चालायचं, आणि वरच्या तळ्याकाठी मला चुलीवर चढवायचं. आमच्या मुलखात गावातल्या रस्त्यावर शेजारी दिसला तर माणूस मान खाली घालून सटकतो. पण डोंगरावर अनोळखी माणूस दिसला तरी त्याला थांबवून कॉफी पाजतो. अशा किती अनोळखी माणसांना मी पाजली असेल? अर्ध्या नॉर्वेला, असं धरून चाला. एका वर्षी तर माझा वास एवढा पसरला की पलीकडच्या उतारावरचे तीनशे रेनडिअर रांग लावून आले. रांदीने त्यांना परत पाठवलं, आपापले कप घेऊन या म्हणून.

कॉफीचा गाळ खाली बसावा म्हणून रांदी मला कडीला धरून हात लांब करून गरगर फिरवत असे. थेंब सांडत नसे.

"एक दिवस झाकण उडेल आणि माझं टक्कल भाजेल," एइलिफ म्हणायचा.

"मग टोपी घाल की. आम्हालाही बघायला बरं वाटेल."

डोंगरावरच्या किटलीला आतून कधी साबण लावत नाहीत. ओढ्याच्या पाण्याने एकदा खळखळवली की झालं. प्रत्येक उकळीचा एक झिरझिरीत पदर आत बसतो. चाळीस ऑगस्ट गेले, तेव्हा माझ्या आत कल्हईचा ठिपकाही दिसत नव्हता. सगळा काळाभोर, गुळगुळीत थर होता. नुसतं पाणी उकळलं तरी त्याला रांदीच्या कॉफीची चव यायची.

मग एका हिवाळ्यात रांदी गेली. एइलिफने मला तळघरातल्या फळीवर ठेवलं. पाच वर्षं मी डोंगर पाहिला नाही. शेजारी बटाट्यांची पोती होती, आणि बटाट्यांशी बोलून कुणाचं मन रमलंय? तरी आठवड्यातून एकदा एइलिफ खाली यायचा, बटाटे घ्यायच्या निमित्ताने. झाकण उचलायचा, नाक आत घालायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. मग झाकण हळूच लावून निघून जायचा. बटाटे बहुतेक वेळा विसरायचा.

सहाव्या उन्हाळ्यात त्याने लेकीला सांगितलं, "मारित, मला वरच्या तळ्यावर जायचंय. गुडघा यंदा नेईल, पुढच्या वर्षीचं काही सांगत नाही. तिथे बसून तुझ्या आईची कॉफी एकदा प्यायची आहे. बस."

मारितने मान हलवली. तिची नऊ वर्षांची मुलगी ओडाही तयार झाली, आणि मारितचा नवरा मोगेन्सही. मोगेन्स डेन्मार्कचा. माणूस सोन्यासारखा, पण सपाट मुलखातला. त्यांच्याकडे उंबरठा ओलांडला तरी दम लागतो, असं एइलिफ म्हणायचा. सासऱ्यासाठी आपणही काही करावं, असं त्याला फार वाटे. म्हणून निघण्याच्या आदल्या दुपारी त्याने मला तळघरातून वर आणलं. लिंबू घेतलं, मीठ घेतलं, तारेची घासणी घेतली, आणि दोन तास मला आतून बाहेरून घासलं. मी किती खडखडले. त्याला वाटलं, किटली खूश आहे. मग मला टॉवेलात गुंडाळून त्याने पिशवीच्या तळाशी ठेवलं. सासऱ्यांना तळ्यावर चकित करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडीच्या मागच्या भागात मी लाजेने गार पडून होते. पुढे सगळे मजेत होते. घाटाची वळणं सुरू झाली, रस्त्यात मेंढ्या फतकल मारून बसल्या होत्या, आणि मोगेन्स गाडी गोगलगायीसारखी चालवत होता.

"जावईबापू," एइलिफ म्हणाला, "मघाशी एक मेंढी आपल्याला ओलांडून पुढे गेली."

"तिला रस्ता माहीत आहे, बाबा."

"तुमच्याकडे वळणं नसतात का रे?"

"असतात. एक आहे. बघायला लोक रविवारी सहकुटुंब येतात."

एइलिफ हसला. पाच वर्षांत मी त्याचं हसू ऐकलं नव्हतं, आणि त्या क्षणी ते ऐकवेना.

चालायला लागल्यावर मोगेन्सने पाठीवर भूर्ज झाडाचं सरपण घेतलं, कारण वरती काडीसुद्धा उगवत नाही. वाट दगडांची होती आणि सावलीत अजून बर्फ होतं. दर शंभर पावलांवर एइलिफ गुडघा धरून थांबे. मारितने दोनदा विचारलं, "बाबा, इथूनच परतू या का?" तो म्हणे, "तळं काही इकडे येणार नाही." दोन तासांची वाट चढायला त्याला साडेचार तास लागले.

तळ्यावर ओडाने दगड रचले आणि जाळ केला. एइलिफ बसला, त्याने हात पुढे केला. मोगेन्सने टॉवेल सोडला आणि मला त्याच्या हातात दिलं.

मी उन्हात लखलखले. एइलिफने झाकण उचललं. नाक आत घातलं. आत नुसता लिंबाचा वास होता.

"हे कुणी केलं?"

"मी," मोगेन्स म्हणाला. "खूप काळी झाली होती, बाबा. दोन तास लागले."

मारितने तोंडावर हात ठेवला. "अरे, आईच्या कॉफीची चव होती आत," ती म्हणाली, आणि काय झालं ते तिने त्याला हळूहळू सांगितलं. मोगेन्सचा चेहरा पडला. तो उठून तळ्याच्या कडेला पाठमोरा जाऊन उभा राहिला.

एइलिफ उठून पाण्याकडे गेला. त्याने मला तळ्यात बुडवून भरलं आणि जाळावर ठेवलं. कॉफी टाकली. मी जिवाचं रान करून उकळले. ठोक्याठोक्यात रांदी शोधली. नव्हती. एइलिफने कपात ओतून घोट घेतला.

"पाणचट आहे," तो म्हणाला. आणखी एक घोट घेतला. पाण्याकडे बघत राहिला. मग त्याने हाक मारली, "मोगेन्स, इकडे ये."

मोगेन्स आला.

"तिची पहिली कॉफीही अशीच होती. मी तिला तसं सांगितलं, तर तिने आठवडाभर मला चहा दिला." त्याने रिकामा कप खाली ठेवला. "चाळीस वर्षं लागतात याला. माझ्याकडे नाहीत. तू धर."

"मला जमणार नाही, बाबा."

"कडीला धर. हात लांब कर. फिरव."

मोगेन्सने फिरवलं. झाकण उडालं, कॉफी त्याच्या बुटांवर आणि ओडाच्या टोपीवर पडली. ओडा एवढी हसली की तळ्यावरचे पक्षी उडाले. एइलिफने झाकण शोधून आणलं, पुसलं आणि म्हणाला, "पुन्हा."

मित्रांनो, त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली. एइलिफ पुढच्याच वसंतात गेला. मोगेन्स मला दर ऑगस्टमध्ये वर नेतो आणि नुसत्या ओढ्याच्या पाण्याने खळखळवतो. आत बदामी रंग धरला आहे. कॉफी आता बरी होते. ती रांदीची नाही, आणि मला रोज रांदीची ओढ लागते. थेंब न सांडता फिरणारा तो हात मी कुठेही ओळखेन.

तुमच्या माळ्यावर एखादं काळं पडलेलं भांडं असेल, तर घासणी हातात घेण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा, हे कुणाचं म्हणून. आणि घासून झालंच असेल, तर ते कपाटात ठेवू नका. पाणी भरा आणि जाळावर चढवा.