आत्याकडची तपासणी

भर दुपारी, लेक झोपून घर चिडीचूप झालेलं असताना स्वयंपाकघरातून लपलप ऐकू आली. बाईसाहेब पाणी पीत होत्या. बाईसाहेब म्हणजे आमची मांजर, लेकीच्याही आधीचं माझं बाळ. मी कपड्यांच्या घड्या घालत वाट पाहिली, आता थांबेल, मग थांबेल. वाडगं रिकामं झालं तरी ती तळ चाटतच होती.

मांडीवर घेतलं तर पाठीचा कणा बोटांना टोचला.

गेल्याच महिन्यात नवरा तिला डॉक्टरांकडे नेऊन आला होता. लेक झाली तेव्हा आम्ही कामं वाटून घेतली होती. लेकीच्या लशी मी बघायच्या, बाईसाहेबांची तपासणी त्यानं. त्यानं ती कधी टाळली नाही. पुढे लेकीलाही बरोबर न्यायला लागला, म्हणजे मला तेवढाच डोळा लागायचा. परत आला की टोपली खाली ठेवून म्हणायचा, "ठणठणीत आहेत तुझ्या बाईसाहेब. तुझ्यापेक्षा बऱ्या." त्या झोपेपायी मी त्याच्यावर किती जीव टाकला होता.

लेक उठल्यावर आम्ही तिघी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी बाईसाहेबांच्या हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं.

"मधे दुसरीकडे दाखवत होतात का?"

"नाही हो, तुमच्याकडेच. आमचे हे आणतात ना."

"ऑपरेशनचे टाके काढायला तुम्हीच आला होतात, पोटुशी होतात तेव्हा. त्यानंतर मी हिला आजच बघतेय."

"इतक्या मांजरांतून तुमच्या लक्षात कुठून राहणार," मी हसून म्हटलं. तोवरही मी त्याचीच बाजू घेत होते.

"आपल्या डॉक्टर या नाहीत," लेक मधेच म्हणाली. "आपली डॉक्टर आत्या. ती बाईसाहेबांना 'आ कर' म्हणते, मग आम्ही आइस्क्रीम खातो." आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "बाबा म्हणाले होते सांगू नको."

माझी नणंद कपडे शिवते. फार तर बाईसाहेबांच्या कमरेचं माप घेईल.

रक्त तपासलं. मूत्रपिंडं बरीचशी निकामी झाली होती. "मांजर दुखणं लपवतं," डॉक्टर म्हणाल्या. "आपल्याला दिसतं तोवर उशीर झालेला असतो. म्हणून धडधाकट असतानाच वर्षातून एकदा तरी आणायचं. आधी कळलं असतं, तर नुसतं खाणं बदलून बरीच वर्षं काढली असती हिनं."

"आणि आता?"

"सलाइन देऊ. त्रास कमी करू."

बरं करू, असं त्या म्हणाल्या नाहीत.

संध्याकाळी नवरा आला. मी फक्त टोपलीकडे बोट दाखवलं.

"दवाखान्याच्या दारात गेलं की लहान मुलासारखी रडायची गं," तो बुटांची नाडी सोडत म्हणाला. "तिकडे धरून ठेवायचं, सुई टोचायची. मला नाही बघवत. आणि चांगली खातपीत तर होती."

"मग मला सांगायचंस. मी गेले असते."

"तू बाळंतीण होतीस."

"लेक शाळेत जाते आता. अजून बाळंतीणच आहे का मी?"

तो दुसऱ्या बुटाशी खटपट करत राहिला.

"ताईंनाही सामील करून घेतलंस."

"तीच म्हणाली, तुझ्या डोक्याला कशाला उगाच ताप."

याच ताई मला फोनवर कौतुकानं सांगायच्या, माझा भाऊ मांजराचं किती करतो बघ. आणि मी हो म्हणायचे, मनापासून.

एखादी खेप चुकवली असती तर मी ते गिळलं असतं. पण हा दर वेळी टोपली उचलून घराबाहेर पडला होता. परत येऊन माझ्या डोळ्यांत बघून ठणठणीत म्हणाला होता, आणि शेजारी माझी लेक तोंड मिटून उभी होती.

ती आता बाईसाहेबांपाशी जमिनीवर पालथी पडली होती. सलाइननं खांद्याजवळची कातडी फुगली होती, तिथून ती एकच बोट अलगद फिरवत होती. मी जवळ जाऊन बसले. तिनं वर न बघताच विचारलं,

"आई, मी तुला आधीच सांगितलं असतं, तर बाईसाहेब बऱ्या झाल्या असत्या?"