पुलाच्या अलीकडे

पूल दुपारी चारला बंद होणार, ही बातमी वर्गात मीच फोडली. वर ऐटीत सांगितलं, "मी तीनलाच पलीकडे असेन. रडा तुम्ही!"

पलीकडे म्हणजे एस्टोनिया. आमचं गाव रशियात, मध्ये फक्त नदी. आई तिथल्या वृद्धाश्रमात नर्स आहे, आणि मी कायमची तिच्याकडे निघाले होते. शाळेच्या गेल्या वर्षीच्या पुस्तकात एस्टोनिया 'शेजारी' होता, यंदा 'मित्र नसलेला देश'. मी बाईंना विचारलं, "नदी तर तीच आहे ना?" वर्ग हसला. बाई, म्हणजे रिम्मा अर्काद्येव्हना, खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आपलं जगातलं स्थान बदलतंय, ताया. लिहून घे."

निघताना, प्रवासाआधी बसायच्या आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, पप्पा आणि मी बॅगेवर मिनिटभर गप्प बसलो. चौकापर्यंत पोचलो आणि मला आईसाठी भरलेली खारवलेल्या अळंब्यांची बरणी आठवली.

"राहू दे," पप्पा म्हणाले. "वाटेतून परत फिरणं बरं नाही."

"आरशात बघून निघू, म्हणजे अपशकुन टळतो! खूप वेळ आहे हो, पप्पा, मी हिशेब केलाय."

परत फिरलो. बरणी घेतली, आरशात बघितलं, मी जीभसुद्धा काढून दाखवली. मग पुन्हा बसलो. पप्पा उठायला लागले, तर मीच त्यांना दटावलं, "पूर्ण मिनिट!"

पुलावर रांग होती. पूल कोणी बंद केला यावरून लोक भांडत होते. एक आजोबा म्हणाले, "ते म्हणतात आपण, आपण म्हणतो ते. चालत जायचंय मात्र आपल्यालाच!"

माझ्यापुढे दोन माणसं उरली असताना फाटक लागलं.

"दादा, एकच मिनिट! माझी आई समोर उभी आहे!"

शिपाई विशीतलाच असेल. "मला काय सांगतेस पोरी, मलाच सकाळी कळलं."

"कधी उघडणार?"

त्याने फाटकाला कुलूप घातलं.

हिवाळा होता, साडेचारलाच अंधारून आलं होतं. फोनवर आई म्हणाली, "दिसतेस का गं? मी टॉर्च हलवतेय." पलीकडच्या काठावर एक ठिपका डावीउजवीकडे हलत होता. मीही फोन हलवला. बोटं गारठेपर्यंत.

पप्पांनी बॅग उचलली आणि घराची वाट धरली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर दारातल्या आरशासमोर मी थांबले. पप्पा त्यात न बघताच आत गेले आणि त्यांनी बरणी टेबलावर ठेवली. ती अजून कोणी उघडलेली नाही.