टेकडीचे नऊ फेरे

"साहेबराव, ते सळईचं दाखवा की. पाहुण्यांना बघायचंय."

इंजिनियर मेघा मॅडमनं असं म्हटलं तरी साहेबराव लाइनमन जागचा हललाच नाय. सव्वीस वर्षं छावणीच्या बाजूचे व्हॉल्व्ह उघडून बंद करून त्याच्या तळहाताची कातडी जोड्याच्या तळासारखी झालेली, पण साहेब लोकांनी त्याला आजवर एकच विचारलेलं, "पाणी सुटलं का रे?" आता परदेशातल्या शहराच्या पाणीवाल्यांनी आपल्या पाणीवाल्यांशी हात मिळवला होता. त्यांचा माणूस इथं येणार, गळती शोधणार, आपल्याला शिकवणार. आलाही. पिकल्या दाढीचा, ताडासारखा. अन् तो बाबा म्हणत होता, आधी मला शिकवा.

साहेबरावनं सळई पाइपावर टेकवली, दुसरं टोक कानाला लावलं. "बारा पावलांवर झिरपतंय."

पाहुण्यानं आपलं यंत्र लावलं. तेरा पावलं निघाली.

"यंत्र एक पाऊल चुकलं," साहेबराव म्हणाला. मॅडमनं ते इंग्रजीत सांगितल्यावर पाहुणा असा हसला की डोक्यावरची टोपी चेंबरात पडली.

मग मॅडम म्हणाली, "त्यांच्याकडंही तुमच्यासारखा एक होता म्हणे. रिटायर झाला, अन् डोक्यातलं सगळं डोक्यातच घेऊन गेला. तुमचं तसं नको व्हायला. नकाशावर घेऊ."

चार दिवस साहेबराव पुढं अन् पाहुणा वही घेऊन मागं. घरी आल्यावर साहेबराव बायकोला सांगायचा, "लिहून घेतोय तो. मी बोललेलं लिहून घेतोय!"

"लई फुगू नका," रत्नमाला म्हणायची. "सगळंच ओकायचं नसतं माणसानं."

पाचव्या दिवशी ते लिंबाखालच्या चेंबरापाशी आले.

आता ह्या चेंबराचं सांगायला पायजे. वर रमाई टेकडी, बेचाळीस घरं. हापिसाच्या कागदावर तिथं नवी लाइन होती, नळ होते. पण ते पाणी टेकडी चढतच नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी साहेबरावनं मोडीत काढलेली जुनी लाइन गुपचूप जोडली. पाण्याच्या पाळीच्या दिवशी पाऊण तास, चावीचे बरोबर नऊ फेरे देऊन उघडायची. खालच्या गल्ल्यांचं थोडं थोडं कमी व्हायचं, कुणाला कळायचं नाय. वर सामायिक नळावर हंडे भरायचे. टेकडीनं चौदा वर्षं तोंडातून ब्र काढला नाय, अन् त्यानंही.

पाहुणा त्याच्याशेजारी चिखलात उकिडवा बसला. "ही कुठं जाते?" मॅडमनं त्याचं मराठीत विचारलं.

बंद आहे, म्हणाला असता तर संपलं होतं. जीभ घसरली असंही नाय. छाती काढून सांगितलं त्यानं. "टेकडीला. नऊ फेरे. दहावा दिला की खाली बोंब होते. आठच दिले की रांगेतल्या शेवटच्या चार घरांचे हंडे रिकामे."

मॅडम थांबली. "साहेबराव, हे सांगू त्यांना?"

"सांगा की! तेच तर खरं काम आहे माझं."

पाहुण्यानं त्याचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. मग नकाशावर एक लाल ठिपका दिला.

अहवालात पाहुण्यानं दोन गोष्टी लिहिल्या. टेकडीला पंप द्या, म्हणजे नव्या लाइनीचं पाणी वर चढेल. अन् नोंदीत नसलेल्या लाइनी बंद करा, नायतर पाणी कुठं मुरतंय ते कधीच कळायचं नाय. पाहुणा विमानात बसला. हापिसानं दुसरी गोष्ट आधी धरली. पहिली पुढच्या टप्प्यात म्हणे.

"तुम्हीच बंद करा," मॅडम खाली बघत म्हणाली. "ठेकेदाराची माणसं आली तर वेल्डिंग मारतील."

पाळी संपली तसे साहेबरावनं नऊ फेरे बंद केले, ते कायमचे. शेवटचा फेरा बसला तेव्हा हातांना काही वेगळं लागलं नाय. दर पाळीसारखाच बसला. पुढच्या पाळीच्या सकाळी चावी न लावताच तो टेकडी चढला.

वर नळापुढं रांग लागलेली. पहिला नंबर मालनबाईचा, सत्तरीची म्हातारी.

"काय हो लाइनमन, आज पाणी पायी घेऊन आले का काय?"

बाया खळखळून हसल्या. त्यानं हसणं संपू दिलं, मग हापिसानं लाइन बंद करायला लावल्याचं सांगितलं.

"आन् त्यांना सांगितलं कुणी?" मागून रूपा ओरडली. हिच्या लग्नाच्या मांडवाला त्यानं पाळी नसताना पाणी दिलेलं.

"मी."

"तुम्ही? कशापायी? कुणी विचारलं होतं का तुम्हाला?"

"विचारलं ना, बाई," साहेबराव म्हणाला. "पहिल्यांदाच विचारलं कुणीतरी."

कुणी शिवी घातली असती तर बरं झालं असतं. मालनबाई नळाखालच्या हंड्याकडं वळली. "उन्हात नका उभं राहू," एवढंच म्हणाली अन् हंडा उचलला. रिकाम्या हंड्याला किती जोर लागतो? तरी दोन्ही हातांनी उचलला तिनं, कमरेवर घेतला अन् सावकाश निघाली. मागोमाग रूपा, मग बाकीच्या. दारं लागली.

साहेबराव तिथंच उभा राहिला. कोरड्या नळापुढं, एकटा, पहिल्या नंबरावर.