तिसरी लाथ

आमच्या उंद्रीकडच्या माळावर वीज जशी पडते तशी अख्ख्या चिखली तालुक्यात पडत नसेल. माळावर चार झाडं होती, चारही जळाली. परगावचा माणूस कडकडाट ऐकला की पळतो; आम्ही आधी हातातला विळा लांब फेकतो, मग पळतो. पळायला जागा एकच, पंजाबरावांचा गुरांचा दगडी कोठा. त्यात सगळ्यांना थारा, बैलांनाही. मला नाही.

कारण मी पायाळू. आईच्या पोटातून पायांकडून आले, एवढाच माझा गुन्हा. पायाळूला वीज शोधत येते म्हणतात. पण याच लोकांच्या पाठीत उसण भरली, की मात्र पायाळूच्याच तीन लाथा लागतात. गरज सरो, वैद्य मरो! पंजाबरावांच्या शेतात मजुरीला लागल्यापासून पंधरा वर्षं ढग आले की मी पोतं डोक्यावर घेऊन नाल्यात जाऊन बसले, आणि एकदाही रडले नाही.

सूनही मी मुद्दाम पायाळूच केली. कोकिळेला तीन ठिकाणांहून नकार आला होता. मी म्हटलं, माझ्या घरात अशीच शोभेल.

साल चौसष्टच्या आश्विनात आम्ही दोघी पंजाबरावांच्या शेतात भुईमूग उपटायला गेलो. कोकिळेला सातवा महिना होता. सकाळीच पंजाबरावांनी शेंगांचं पोतं उचललं आणि कंबर धरून आडवे झाले. त्यांना कोठ्यात पालथं निजवलं. मी दोन लाथा घातल्या, तिसरीला पाय उचलला, तोच माळावर कडकडाट झाला. बायामाणसं धावत आत घुसली.

"रुखमाबाई, निंघा आता," पंजाबराव पडल्यापडल्या म्हणाले. "सुनेलेबी घेऊन जा."

"तिसरी लाथ बाकी हाय, भाऊ."

"थे मंग मारजा. पयले बाहेर जा."

कोकिळा मुकाट्यानं उठली, पोटावर हात धरून दाराकडे निघाली. ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. स्वतःसाठी मी कधी भ्याले नव्हते. त्या पोटासाठी भ्याले. मी तिचा दंड धरला आणि तिला गव्हाणीशी खाली बसवलं.

माझी सासू सुईण होती. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. मरताना तिनं मला एक गोष्ट सांगितली आणि नाव घ्यायचं नाही म्हणून गळ्याची शपथ घातली. नाव मी घेतलंही नाही.

"जातो आमी," मी म्हटलं. "पन या कोठ्यात तिसरं पायाळू हाय. पंधरा वर्सांपासून इथंच बसून राह्यलं. त्यालेबी येऊ द्या आमच्यासंग."

जो तो शेजाऱ्याच्या पायांकडे बघू लागला. बाहेर जवळच वीज पडली, बैलांनी दावी ताणली. पण 'कोण?' असं कोणी विचारेना.

पंजाबरावांची आई, मनकर्णाबाई, कोपऱ्यात शेंगा तोडत बसली होती. तिच्यापुढे बोलायची गावात कोणाची छाती नव्हती. तिनं हातातला वेल खाली ठेवला.

"बसू द्या त्याइले," ती म्हणाली. "माहा पंजाब पायाळूच हाय. सोयरीक जमनार नाही म्हनून लपवलं म्या."

"माय!" पंजाबराव उठायला गेले आणि कळ येऊन पुन्हा पालथे पडले.

"आता सांगा," म्हातारी सगळ्यांकडे बघत म्हणाली, "कोन कोन जाते बाहेर?"

कोणीच गेलं नाही. वीज आणखी दोनदा पडली, माळावरच, तिच्या नेहमीच्या जागी. कोठ्याचा दगडसुद्धा हलला नाही. कोकिळा गव्हाणीला टेकून शेंगा सोलून खात होती, आणि तिला तसं कोरडं बसलेलं पाहून, पंधरा वर्षांत पहिल्यांदा, माझे डोळे भरून आले.

पाऊस ओसरला तसे पंजाबराव हळूच म्हणाले, "रुखमाबाई, थे तिसरी..."

मी पदर खोचला आणि ती लाथ जरा मनापासूनच घातली.