सोजरबाईंच्या पेशींवर पहारा

मित्रांनो, मी एक जुनी, अर्धी फुटलेली चिप आहे. तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढी काच आणि तिच्यावर सोन्याचे शेकडो ठिपके, इतके बारीक की एका ठिपक्यावर माणसाच्या शरीरातली एकच पेशी मावावी. आता मला कुणी कामाला लावत नाही. पण एके काळी मी कॅन्सरच्या पेशींवर पहारा दिला आहे.

माझा जन्म पुण्यातला, कर्वेनगरच्या एका छोट्या प्रयोगशाळेतला. मला घडवलं हेमाताईंनी. आयटीतली भरभक्कम नोकरी सोडून त्या या कामाला लागल्या, तेव्हा त्यांचे वडील एवढंच म्हणाले, "छान. आता उपाशी राहण्याचाही एखादा कोर्स कर."

माझं काम सोपं, पण क्रूर होतं. जिवंत पेशी ठिपक्याला घट्ट चिकटते आणि विजेची वाट अडवते. औषध सोडलं की लढाई जुंपते. पेशी आक्रसते, तिला फोड येतात, ती फाटते आणि तिची पकड सुटते. मग वीज मोकळी वाहते. कोणती पेशी मेली, कोणती तगली, हे मी एकेकीगणिक संगणकाला कळवायची. माझ्या अंगावर रोज कत्तल व्हायची आणि त्याबद्दल मला शाबासकी मिळायची!

एकदा वाघोलीच्या सोजरबाईंच्या पेशी आल्या. कॅन्सरमुळे त्यांच्या पोटात पाणी साठायचं. सुईने काढलेल्या त्या पाण्यातल्या पेशी माझ्यावर सोडल्या. चालू औषधाने बऱ्याच मेल्या, पण काही हट्टी पेशी ढिम्म हलेनात. त्यांच्या डॉक्टर पूर्णिमा म्हणाल्या, "दुसरं औषध लावून बघू. ह्या मेल्या, तर औषध बदलता येईल."

दुसरं औषध सोडलं आणि हट्टी पेशी पटापट फुटू लागल्या. हेमाताई आनंदाने उठल्या, तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

सोजरबाईंचा मुलगा इंद्रजीत माणसं घेऊन आला होता. इथे आईवर प्रयोग चालतात, असं कुणीतरी त्याच्या कानात भरवलं होतं. प्रत्येकाच्या हातात लोखंडी गज.

"माझी आई काय उंदीर हाय व्हय?" तो ओरडला आणि पहिला गज संगणकावर बसला. काचा उडाल्या. कपाटं आडवी झाली, माझ्या बहिणींचा चुरा झाला. हेमाताई मला पोटाशी धरून वाकल्या.

"अहो, ह्या तुमच्या आईच्याच पेशी आहेत! औषध सापडतंय!"

पुढचा गज त्यांच्या कोपरावर पडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी फरशीवर पडले, माझ्यावर बूट आला आणि मी मधोमध तडकले. सोजरबाईंच्या पेशी फरशीवर सांडून वाळून गेल्या.

पोलिसांनी इंद्रजीतला धरून नेलं. तो जामिनावर सुटला, तेव्हा सोजरबाई स्वतःच त्याला घेऊन आल्या. पोट फुगलेलं, पायांत त्राण नाही. हेमाताईंचा प्लास्टरमधला हात पाहताच त्यांनी सगळ्यांसमोर लेकाच्या मुस्काटात मारली. मग त्या खुर्चीत बसल्या. "बाई, टोचा सुई परत. माझ्या लेकानं सांडलं, ते मी भरून देते."

नोंदी संगणकासकट गेल्या होत्या, आणि नोंदींशिवाय औषध बदलता येत नव्हतं. नवी यंत्रणा उभी करण्यात बरेच आठवडे गेले. मग माझ्या अर्ध्या अंगावर पुन्हा लढाई झाली आणि हट्टी पेशी त्याच दुसऱ्या औषधाने मेल्या. सोजरबाईंना ते सुरू झालं. पोट उतरलं, त्या अंगणात हिंडूफिरू लागल्या. पण मधल्या काळात आजार यकृतात शिरला होता, तो काही मागे हटला नाही. संक्रांतीच्या आधीच त्या गेल्या.

तेराव्यानंतर इंद्रजीत आला. मुंडण केलेलं डोकं खाली घालून त्याने विचारलं, "ताई, तवाच औषध मिळालं असतं तर आई वाचली असती का?"

हेमाताईंनी खोटं सांगितलं नाही. "ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "तेच तर आम्ही बघत होतो."

तो उंबऱ्यावरच बसला आणि हुंदके देऊन रडला.

मित्रांनो, मी हजारो पेशी मरताना पाहिल्या, पण तसं रडणं मी दुसऱ्यांदा ऐकलं नाही. मारण्याचं काम माझ्याही अंगावर चालायचं. पण तिथे कोण मरतंय आणि कोण तगतंय, हे मी एकेकीला नीट पाहून सांगायची. तुमचाही हात कधी उगारला जाईल. तेव्हा घाव घालण्याआधी एकदा विचारा, ज्यावर तो पडणार त्याच्या आत कोण आहे?